जयतूच्या नावाचं पाणी

निमंत्रणपत्रिकेवर आमदारांचे तीन फोटो होते, रामलिंग सरांचा एक, सरपंचांचा एक, आणि ज्याच्या नावाने हा सगळा तमाशा मांडला होता त्या जयतू आत्रामचं एक चित्र होतं. जयतूला जाऊन दीडशे वर्षांहून जास्त काळ लोटला, त्याला बघितलेलं कुणी उरलेलं नाही, म्हणून चित्रकाराने मोकळ्या हाताने काम केलं होतं. पिळदार मिशा, लाल पागोटं, हातात भाला, आणि दंड तर असे की किनवटच्या जंगलात राहणारा माणूस नव्हे, लातूरच्या व्यायामशाळेत दूध-अंडी खाऊन फुगलेला गडी वाटावा. खाली ठसठशीत अक्षरांत छापलं होतं, ‘तहानलेला हुतात्मा’.

दीपमाला आत्रामने पत्रिका उलटी करून टेबलावर ठेवली. ते दोन शब्द तिचेच होते, आणि आता तिला ते गिळवत नव्हते.

चार वर्षांपूर्वी, लातूरला एम.ए. करताना, तिने आपल्या घराण्यावर एक प्रबंध लिहिला होता. तिचं गाव इप्पागुडा, किनवटच्या जंगलातलं, गोंडांचं. तिथे आत्रामांच्या अंगणात दर वर्षी सुगी झाली की मारोती परधान येतो. परधान म्हणजे गोंडांच्या घराण्यांची चालतीबोलती वंशावळ. तीन तारांची किंगरी छातीशी धरून तो पहिल्या पुरुषापासून काल जन्मलेल्या लेकरापर्यंत एकेक नाव गातो, आणि यजमान त्याला धान्य देतो, मीठ देतो. गाता गाता तो जयतूपाशी आला की नाव घेऊन त्याचा आवाज थांबतो आणि नुसती किंगरी वाजत राहते. त्याच वेळी घरातली बाई उठते आणि पाण्याने भरलेला तांब्या अंगणात पालथा करते. कुणी काही बोलत नाही. मग पुढचं नाव येतं आणि गाणं चालू होतं.

आई, केवळाबाई, तो तांब्या पालथा करते हे दीपमालाने लहानपणापासून पाहिलं होतं. लातूरला आल्यावर तिने शेजारच्या घरात लोकांना पितरांच्या नावाने पाणी सोडताना पाहिलं आणि दोन्हीची गाठ मारून टाकली. जयतू तहानलेला मेला असणार, म्हणून त्याच्या नावाचं पाणी. इंग्रजाशी लढता लढता मेला असणार, नाहीतर एवढा मान कशाला? मारोतीला विचारलं का? नाही. आईला? नाही. आपल्याच घरातलं आपल्याला कळणार नाही तर कुणाला कळणार, असा तोरा होता अंगात. हे म्हणजे दुसऱ्याच्या आरशात आपलं तोंड बघून टिकली लावण्यासारखं झालं, पण तेव्हा तिला ते संशोधन वाटलं.

रामलिंग सरांना तर ते इतकं आवडलं की त्यांनी तिला पीएच.डी.साठी आपल्याकडे घेतलं आणि तहानलेला हुतात्मा स्वतःच्या भाषणात घातला. भाषण आमदारांनी ऐकलं. आमदारांना आदिवासी मतं हवी होती आणि मतांना एक पुतळा लागतो. इप्पागुड्याचे सरपंच, म्हणजे दीपमालाचे सख्खे काका शेषेराव, त्यांना तर आभाळ ठेंगणं झालं. मेल्या म्हशीला मणभर दूध म्हणतात, इथे तर मेलेल्या जयतूला नुसता महापूर आला. डोंगरावर जो झरा आहे तिथेच जयतूने प्राण सोडला असं ठरलं. झऱ्याला कुंपण, भोवती बाग, सिमेंटचा हौद, मधोमध बारा फुटी पुतळा. झऱ्याशेजारी कोलाम आदिवासींची वस्ती, म्हणजे पोड, आहे, तीस घरांचं. ती तीस घरं त्याच झऱ्याचं पाणी पितात. त्यांच्यासाठी टँकर येईल, असं आराखड्यात एका ओळीत लिहिलं होतं.

आता फक्त दीपमालाचा अहवाल हवा होता. झरा हेच हुतात्म्याचं ठिकाण, असं तिने लिहायचं, सही करायची, मांडवात वाचायचं. मग तिथल्या तिथे ग्रामसभेने हात वर करायचे आणि आमदारांनी कुदळ मारायची. अहवाल पुरा करायला निदान एकदा तरी मारोतीचं गाणं नीट टिपून घ्यावं, म्हणून ती वैशाखात गावी आली. चार वर्षं उशिरा का होईना, तिला विचारायचं सुचलं.

मारोती परधान आत्रामांच्याच ओसरीवर बसला होता. वय ऐंशीच्या पुढे, डोळे पाणावलेले, बोटं मात्र अजून तारेवर सरळ पडणारी.

“मारोतीआजा, जयतूपाशी तुमी गाणं थांबवता. तिथं काय हाय?”

म्हाताऱ्याने किंगरी खाली ठेवली. “हितं न्हाई सांगता येत.”

“का?”

“तुमचं मीठ खाऊन राहिलो पोरी. यजमानाच्या घरात यजमानाचं वंगाळ गायचं न्हाई, आमचा कायदा हाय. आन खोटं बी गायचं न्हाई, त्यो बी कायदाच हाय. मंग काय करणार? गप बसतो. सकाळच्याला वड्यापलीकडं ये. माझ्या घरून भाकर खाऊन येतो. मंग सांगतो.”

वंगाळ हा शब्द दीपमालाने वहीत लिहिला आणि त्याखाली रेघ मारली. काका आत दिवाणातून लाल पागोटं काढून पाहुण्यांना दाखवत होते. जयतूचं पागोटं. दसऱ्याला ते डोक्यावर घालून मिरवत, वर्षभर डांबरगोळ्यांत ठेवत.

दुसऱ्या दिवशी सकाळीच ती ओढा ओलांडून डोंगर चढली. झऱ्यापाशी ती आयुष्यात पहिल्यांदाच येत होती. आत्रामांच्या घरात पोरांना सांगत, तिकडे जाऊ नका, त्या पाण्याने ताप येतो. कातळाच्या कुशीत हातभर खोल डोह होता, नितळ, तळाचा खडा दिसेल असा. कोलामांच्या बायका घागरी भरत होत्या. दीपमालाला बघून त्या बाजूला झाल्या आणि घागरी उचलून निघून गेल्या. एक तेवढी म्हातारी राहिली, सरजाबाई. ती टोपल्या विकायला इप्पागुड्यात यायची, म्हणून दीपमाला तिला ओळखत होती. भर उन्हात यायची, पण आईने दिलेलं पाणी कधी प्यायची नाही. तांब्या घ्यायची आणि कडूलिंबाच्या बुंध्याशी ओतून द्यायची. लहान असताना दीपमालाला वाटायचं, म्हातारी येडीच आहे.

तिथेच येऊन बसलेल्या मारोतीने किंगरी लावली आणि जयतूपासून पुढे गायला सुरुवात केली. घरात जिथे नुसती तार वाजायची तिथे आता शब्द होते.

त्या वर्षी कोलाम आणि गोंड मिळून निजामाच्या ठाण्यावर उठले होते. पैनगंगेच्या अलीकडे निजाम, पलीकडच्या वऱ्हाडावर इंग्रज, आणि मधल्या जंगलात आपण, आपल्याला कुणाचाच कर नको, एवढं त्यांचं म्हणणं. ठाणं जाळून ते बायका-पोरांसकट डोंगरात गेले. निजामाच्या पैशाने पोसलेली आणि इंग्रजाच्या हुकुमाने चालणारी फौज घेऊन एक गोरा साहेब त्यांच्या मागे आला. तीन महिने फिरला. नदीला उतार कुठे, घाट कुठून चढतो, कुठल्या नाल्यात वैशाखात पाणी असतं, त्याला काडीचं ठाऊक नव्हतं. त्याच्याजवळ नकाशा होता आणि नकाशावर हा सगळा मुलूख कोरा होता. घोडी मेली, शिपाई तापाने फणफणले, साहेब परत फिरायच्या बेतात आला.

तेव्हा जयतू आपल्या पायांनी छावणीत गेला. साहेबाला म्हणाला, त्यांचा माग काढू नका, ते तुम्हाला सापडायचे नाहीत. डोंगरावर एकच झरा जिवंत आहे, तिथे जाऊन बसा. तहान त्यांना तुमच्यापाशी आणून देईल.

जयतू पुढे आणि फौज मागे, अशी ती रातोरात डोंगर चढली. दोन दिवस झुडपांत दबा धरून बसली. तिसऱ्या सकाळी बायका आल्या, पाण्यासाठी भोपळ्याचे तुंबे घेऊन. मग पोरं. मग गोळ्यांच्या आवाजाने धावत आलेले पुरुष. गाण्यात एकेकाचं नाव होतं. छत्तीस कोलाम, अकरा गोंड. सरजाबाई प्रत्येक कोलाम नावाला मान हलवत होती, घरातली पोरं झोपायला आली का ते बघतात तशी.

 दीपमालाने वहीत सगळी नावं लिहून घेतली. “आजा, त्याला मारलं असंल. बायको-लेकरं धरून ठेवली असतील साहेबानं. उगंच कोण जातं?”

“गाण्यात न्हाई.”

“गाण्यातून सुटलं असंल.”

“गाण्यात साहेबाच्या घोड्याचा रंग हाय पोरी. छावणीत त्या दिवशी काय शिजलं ते हाय. मारल्याचं न्हाई.” म्हाताऱ्याने तिच्याकडे बघितलं नाही. “मागितलं काय, ते मातर हाय. सात गावची पाटीलकी आन लाल पागोटं.”

“मंग मेला कसा?”

“खाटंवर. म्हातारा होऊन. नातवाच्या हातचं पाणी पिऊन, पोट भरून.”

 दीपमाला उठून कातळामागे गेली, पण ओकारी नुसतीच कोरडी आली. त्या सात गावांवरच तर घर उभं राहिलं होतं. तिचे शिकलेले आजोबा, काकांची सरपंचकी, तिची लातूरची फी, सगळं त्या पाटीलकीच्या पोटातून निघालेलं. आणि ज्याने तहानलेल्या बायका मारवल्या, त्यालाच तिने तहानलेला म्हणून लिहिलं होतं. गुण मिळवले होते त्यावर, टाळ्या मिळवल्या होत्या.

“मंग तांब्या?” परत येऊन तिने विचारलं. “तांब्या का पालथा करतात?”

“त्याच्या सुनंनं सुरू केलं. गोंडाचीच व्हती. त्या अकरांत तिचा भाऊ व्हता. जयतू मेल्यावर आमच्या आज्याच्या आज्यानं पहिल्यांदा त्याचं नाव गाण्यात घेतलं, तशी ती उठली आन म्हणली, ह्याचं नाव पडलेलं पाणी माझ्या घरात कुणी प्यायचं न्हाई. तिला शिसारी आली व्हती. तांब्या फेकला तिनं अंगणात. मंग तिच्या सुनंनं, मंग तिच्या सुनंनं. का ते इसरल्या. पर पालथा करायचं न्हाई इसरल्या.”

“मी जयतूवर लिहिलं तवा तुमी का बोलला न्हाई?”

“तू ईचारलंस?”

दीपमालाने वही मिटली. सरजाबाई इतका वेळ बांबूची कामटी सोलत बसली होती. ती पहिल्यांदाच बोलली. “पुतळा व्हऊन राहिला म्हणं हितं. आमाला टँकरचं पाणी.”

“न्हाई व्हनार,” दीपमाला म्हणाली.

“तू कोन सांगनार? जयतूचीच न्हवं तू?” सरजाबाईने कामट्यांची मोळी काखेत मारली आणि ती चालू लागली.

भूमिपूजनाच्या आदल्या दिवशी रामलिंग सर किनवटच्या विश्रामगृहात येऊन उतरले. दीपमाला सकाळीच जाऊन त्यांना भेटली. सर लुंगीवर बसून आंबे चोखत होते. रस कोपरापर्यंत ओघळलेला, कोयी चकचकीत करून ताटलीत रचलेल्या. तिने सगळं सांगितलं. मारोतीचं गाणं लिहून आणलेले कागद पुढे ठेवले. सर ऐकत होते की चोखत होते ते कळायला मार्ग नव्हता.

“छान आहे,” शेवटी ते म्हणाले. “पण याला पुरावा काय? एका म्हाताऱ्याचं गाणं?”

“सर, तांब्या पालथा करणं हा पुरावा होता ना? तुम्हीच भाषणात म्हणालात, मौखिक परंपरा कागदापेक्षा खरी असते.”

“ती परंपरा होती. ही अफवा आहे.” सरांनी नवा आंबा पिळायला घेतला. “दीपमाला, जरा मोठ्या मनाने बघ. समाजाला उभं राहायला नायक लागतो. मी तुमच्या लोकांना नायक देऊन राहिलो आणि तू त्याला फितूर ठरवून राहिलीस? बदनामी कुणाची होईल? तुमचीच. लोक म्हणतील, आदिवासीच इंग्रजांना सामील होते.”

“एक होता, सर. सत्तेचाळीस नव्हते. आणि तो होता म्हणून साहेब डोंगर चढला. आपल्या पुस्तकांत साहेब आपोआप चढतात. कुणी वाट दाखवली, कुणी पाणी दाखवलं, कुणी अडवलं, कुणाचंच नाव नाही. एक तर आम्ही चित्रात भाला घेऊन उभे, नाहीतर चित्रातच नाही. मला हे लिहायचंय. जयतूसकट.”

“लिही की. पीएच.डी. झाल्यावर लिही. दहा पुस्तकं लिही.” सर हसले. “पण पीएच.डी. व्हायची तर तुझा प्रबंध माझ्या सहीसाठी पडून आहे, ते ध्यानात असू दे. कॉलेजातली जागाही तुझ्यासाठीच धरून ठेवलीय मी. आणि त्या पोडाला टँकर येणार आहे ना? मग कुणाचं काय बिघडतं?”

एवढं बोलून त्यांनी हात पुसायला इकडेतिकडे बघितलं. रुमाल नव्हता. त्यांनी समोरचा वरचा कागद उचलला, दोन्ही हात कोपरापर्यंत नीट पुसले आणि बोळा करून कोयींच्या ताटलीत टाकला. त्या कागदावर सत्तेचाळीस नावं होती. सरांनी मुद्दाम केलं नव्हतं, कागदावर काय आहे ते त्यांनी बघितलंच नव्हतं, आणि तीच गोष्ट दीपमालाला मुद्दाम केल्यापेक्षा ओंगळ वाटली. तिने ताटलीतून बोळा उचलला, उलगडला आणि चिकट कागद तसाच पिशवीत घातला. सर म्हणाले, अगं राहू दे, दुसरा घे.

दुसऱ्या दिवशी झऱ्यापासून हाकेच्या अंतरावर मांडव पडला होता. वैशाखाचं ऊन ताडपत्रीतून खाली झिरपत होतं. व्यासपीठावर सोफे, सोफ्यांपुढे काजूच्या बश्या, आणि प्रत्येकाला एक अशा पाण्याच्या बाटल्या. झऱ्याच्या उशाला बसून बाटलीतलं पाणी प्यायचं, ही हुशारी कुणाची होती कोण जाणे. पुढे आत्रामांच्या बायका, त्यांच्या हातातही बाटल्या दिलेल्या. मागे गाव. सगळ्यांत मागे, मांडवाच्या सावलीबाहेर, कोलामपोडाची माणसं. त्यांच्यापाशीही कुणीतरी बाटल्यांचा खोका नेऊन ठेवला होता, तो तसाच बंद पडून होता.

शेषेरावकाका लाल पागोटं घालून आले. घामाने पागोट्याचा जुना रंग सुटून कपाळावर एक लाल ओघळ उतरला होता आणि ते तो हाताने पुसत होते, त्यामुळे निम्मं तोंड रंगलेलं. दीपमालाला त्यांच्याकडे बघवेना. तिच्या लाडाचे काका होते ते. तिला पहिल्यांदा लातूरच्या बसमध्ये बसवून देताना खिडकीपाशी उभं राहून रडलेले. काल संध्याकाळी तिने त्यांनाही सांगून पाहिलं होतं. ते म्हणाले, “मेलेल्याचं उकरून काय मिळतं बेटा? आता कुठं आपल्या नावाला कुणी ईचारून राहिलं.” त्यांचा राग येत नव्हता, नुसती किळस येत होती, आणि आपल्या माणसाची किळस येणं रागाहून वाईट.

सूत्रसंचालकाने पुकारा केला, आता आपली लोककला. मारोती परधान किंगरी घेऊन व्यासपीठाच्या कडेला बसला. शेजारी त्याचा स्वतःचा तांब्या होता, घरून आणलेला. त्याने पहिल्या पुरुषापासून सुरुवात केली. आमदार मोबाईल बघत होते. नावामागून नाव आलं, मग जयतू आला, आवाज थांबला, नुसती तार वाजली. मारोतीने तांब्या उचलला आणि व्यासपीठावरून खाली मातीत पालथा केला.

टाळ्यांचा कडकडाट झाला. रामलिंग सर आमदारांच्या कानाला लागून म्हणाले, बघा, हीच ती परंपरा. फोटोवाला धावत पुढे आला.

“आजोबा, पुन्हा एकदा ओता. फोटो नीट आला न्हाई. जरा वरून ओता, धार दिसू द्या.”

कुणीतरी बाटलीचं बूच उघडून मारोतीच्या रिकाम्या तांब्यात पाणी भरलं. म्हातारा त्या तांब्याकडे बघत राहिला. मग त्याने मान वळवून दीपमालाकडे बघितलं. बोलायचा त्याला कायदाच नव्हता. तो आत्रामांच्या मांडवात होता, आत्रामांनी बोलावलेला.

“चला, आजोबा, हसा जरा,” फोटोवाला म्हणाला.

दीपमाला उठली. अहवाल वाचायची पाळी तिचीच होती, त्यामुळे माईकपाशी जाताना तिला कुणी अडवलं नाही.

“मी दीपमाला आत्राम. जयतूच्या घरची,” ती म्हणाली. लातूरची भाषा तिने खालीच सोडली होती. “चार वर्साखाली मी लिहिलं की जयतू तहानला मेला. खोटं लिहिलं मी. मला माहीत नव्हतं आन मी कुणाला ईचारलं न्हाई. जयतू पाणी पिऊन खाटंवर मेला. तहानलेले दुसरेच व्हते. वैशाखात ह्या झऱ्यावर पाण्याला आलेल्या बाया-पोरांवर साहेबानं गोळ्या घातल्या. साहेबाला हा झरा जयतूनं दाखवला. त्याचं बक्षीस म्हणजे आमची पाटीलकी. काकाच्या डोक्यावर हाय ते पागोटं.”

मग तिने पिशवीतून तो आंब्याने चिकटलेला कागद काढला आणि नावं वाचायला सुरुवात केली. दहाव्या-अकराव्या नावापर्यंत कुणाला काय चाललंय ते कळलंच नाही. मग काका उठले. मग सर उठले आणि हसत हसत म्हणाले, “हा लोककथेचा एक वेगळा पाठ आहे, अभ्यासक मंडळींसाठी…” दीपमाला थांबली नाही. मागे, सावलीबाहेर, पोडाची माणसं एकेक करून उभी राहत होती. आपल्या घरचं नाव आलं की एक जण उभा. सत्तेचाळिसावं नाव संपलं तेव्हा काकांनी माईकची वायर उपटली.

“आन आमच्या घरातल्या बाया तांब्या पालथा करतात,” वायर उपटल्यावर ती ओरडून म्हणाली, “त्यो मान म्हणून न्हाई. जयतूच्या सुनंला त्याच्या नावाची शिसारी आली व्हती. तिचा भाऊ हितं मेला व्हता. ती म्हणली, ह्याचं नाव पडलेलं पाणी आपन प्यायचं न्हाई.”

 आमदारांनी नुकताच घोट घेतलेला, तो गिळावा की थुंकावा हे न कळून त्यांचे गाल फुगलेले तसेच राहिले.

पहिल्या रांगेत केवळाबाई बसली होती. आयुष्यभर तिने तांब्या पालथा केला होता, सासूने सांगितलं म्हणून, सासूला तिच्या सासूने सांगितलं म्हणून. तिने हातातली बाटली बघितली. बूच काढलं. लेकीकडे बघितलं नाही, दिराकडे बघितलं नाही, बाटली उलटी धरली आणि पाणी मातीत सोडून दिलं. तिच्या शेजारच्या जावेने तेच केलं. मग त्यापुढची, मग तिच्या सुना. आत्रामांच्या वीस-बावीस बायांनी बाटल्या उलट्या केल्या. टाळी एकही वाजली नाही. पाणी व्यासपीठाकडे वाहत गेलं आणि आमदारांच्या पांढऱ्या बुटांखाली चिखल झाला.

ग्रामसभेचा ठराव सूत्रसंचालकाने घाईघाईत वाचून दाखवला. हात वर करा म्हणाला. काकांचा हात वर झाला, आणखी पाच-सात झाले. बायांपैकी एकीचाही झाला नाही, आणि बायांचे होत नाहीत म्हटल्यावर मागच्या पुरुषांचेही मांडीवरच राहिले. कुदळ फुलांच्या हारासकट गाडीत परत गेली. रामलिंग सर गाडीत बसताना एवढंच म्हणाले, “तुझं तू बघ आता.” प्रबंधाचं काय होणार ते तिला कळलं. लातूरला ती क्लासमध्ये पोरांना सनावळ्या पाठ करायला लावील आणि त्यावरच जगेल, फार तर. काका पागोटं काखेत मारून मांडवातून चालत गेले आणि पुतणीची वाट न बघता ओढा उतरले.

मांडव सुटेपर्यंत दुपार टळली. दीपमालाचा घसा नावं वाचून आणि ओरडून फाटला होता. सकाळपासून तिने पाण्याचा थेंब घेतला नव्हता. ती झऱ्याकडे गेली आणि डोहाच्या काठाशी उभी राहिली. खाली वाकायचं तिचं धाडस होईना. आत्रामांचं माणूस या पाण्याला अजून कधी शिवलं नव्हतं.

सरजाबाई तिथेच होती. तिने तुंबा डोहात बुडवून भरला आणि वर उचलला. दीपमालाने ओंजळ पुढे केली आणि तोंड खाली नेलं.

“तोंड मागं घे,” सरजाबाई म्हणाली. तिने ओंजळीवर पाण्याची धार धरली, आंब्याचा चिकटा आणि कागदाची शाई निघून जाईपर्यंत. “आज हात धू. प्यायचं मंग बघू.”